राहिलेली बाही

आमच्या वसाहतीत तिला सगळे बिनबाही मावशी म्हणायचे. तोंडावर नुसतं मावशी, पाठीमागे बिनबाही. पाठीमागे म्हणजे तरी किती मागे! जिन्यात कुणी कुजबुजलं तरी तळमजल्यावरच्या तिच्या खोलीत ऐकू जायचं. तिला ते नाव ठाऊक होतं, आणि तिने ते मनाला लावून घेतलेलं कधी दिसलं नाही. निदान मला दिसलं नाही. पण त्या काळात मला बरंच काही दिसत नव्हतं.

नाव पडायचं कारण साधं होतं. मावशी लहान मुलांचे कपडे शिवायची आणि तिला बाही बसवता यायची नाही. बाकी कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गळा असा कापायची की तान्ह्या पोराच्या मानेलाही काचायचा नाही. आतल्या शिवणी इतक्या मऊ दाबायची की कपडा उलटा घातला तरी टोचू नये. घेराला चार बोटं दाब ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून उंची वाढवता यायची. पण बाही आली की घोटाळा. मुंढ्यापाशी चुण्या पडायच्या, एक खांदा वर आणि एक खाली व्हायचा, मुलाने हात वर केला की अख्खा फ्रॉक त्याच्यामागे वर जायचा. म्हणून ती बिनबाह्यांचेच कपडे शिवायची आणि उन्हाळा तोंडावर आला की तिच्या दाराशी आयांची रांग लागायची.

"पस्तीस वर्षं मशीन चालवताय मावशी, आणि बाही येत नाही म्हणजे काय?" असं कुणी ना कुणी दर वर्षी विचारायचं.

"राहिली शिकायची," ती म्हणायची. ओठांत नेहमी दोन-चार टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे तिची सगळी उत्तरं अशीच तोकडी असायची.

खोली एकच. खिडकीला लागून मशीन, मागे कपाट, मधे मुलांना उभं करायला एक बसकं स्टूल. भिंतीवरचा आरसा इतका खाली टांगलेला की मोठ्या माणसाला त्यात स्वतःचं पोटच दिसायचं. आरसा मुलांसाठी होता. बटणांचा पत्र्याचा डबा होता, त्यात हात घालून हवं ते बटण निवडायची मुलांना मुभा होती. त्यामुळे वसाहतीतल्या निम्म्या फ्रॉकांना एका रंगाची बटणं नव्हती आणि आया त्यावरूनही कुरकुरायच्या.

पण सगळ्यात जास्त कुरकुर व्हायची ती तिच्या माप घेण्यावरून. मूल स्टुलावर चढलं की मावशी टेप हातात घेऊन आधी विचारायची, "खांद्याला टेप लावू?" मूल म्हणायचं, लाव. "आता छातीला लावू?" लाव. "कमरेला?" प्रत्येक मापाला नवा प्रश्न. तीन वर्षांच्या पोरालाही असंच. आणि एखादं मूल नको म्हणालं तर ती खरंच टेप गळ्यात टाकून बाजूला व्हायची. त्याचा जुना कपडा मागवून घ्यायची आणि अंदाजाने शिवायची. असे कपडे दोन बोटं ढगळ व्हायचे.

"अहो, तिला काय विचारत बसता? घ्या माप, मला कामाला जायचंय," असं मी स्वतः किती वेळा म्हटलं असेल.

"अंग तिचं आहे, मग तिलाच विचारायला हवं ना," मावशी म्हणायची. मी घड्याळाकडे बघायची.

मी औषधांच्या दुकानात कामाला होते. सकाळी नऊ ते साडेपाच, मधे दुपारी तासाभराची सुट्टी. नवरा छापखान्यात, त्याच्या पाळ्या आठवड्याला बदलायच्या. आम्हाला एकच मुलगी. तेव्हा सात वर्षांची होती. तिला आम्ही खार म्हणायचो, कारण ती जमिनीवर कमी आणि खिडकीवर, कठड्यावर, झाडावर जास्त असायची. खाली उतर म्हणून ओरडण्यातच माझा घसा बसायचा.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. दुपारी अंगणातल्या फरश्यांवर अनवाणी पाय टेकवत नव्हता. मुलं नळाला पाइप लावून एकमेकांना भिजवायची, आणि सगळ्यांच्या अंगात मावशीचे बिनबाह्यांचे फ्रॉक, चड्ड्या, बनियनं. एका दुपारी राखणदाराला कुंपणाच्या भिंतीपलीकडे एक माणूस फोन वर धरून उभा दिसला. मुलींचे फोटो काढत होता. राखणदार ओरडला, तसा तो दुचाकीवर बसून पसार झाला.

आमच्या पायाखालची जमीनच सरकली. संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडून सभा भरली. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या अक्षरकाकांनी स्वतःच्या घरातल्या आणून दिल्या. ते निवृत्त शिक्षक. एकटे राहायचे आणि मुलांचे हस्ताक्षराचे वर्ग घ्यायचे, म्हणून अक्षरकाका. खार त्यांच्याकडे आठवड्यातून तीन दिवस जायची. वर्ग तीन ते चार, पण मी कामावरून येईपर्यंत ते तिला ठेवून घ्यायचे. मोठी सोय होती माझी. देवमाणूस, असं मी चारचौघांत म्हणायची.

सभेत जो तो तावातावाने बोलत होता. आमच्या मजल्यावरचे एक आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी एवढ्याशा पोरीसुद्धा अंगभर कपड्यांत असायच्या. तुम्हीच लाडावून ठेवलंय."

जुळ्या मुलींची आई म्हणाली, "अहो, पण उकाडा बघा ना. पोरींच्या पाठी घामोळ्यांनी भरल्यात."

"घामोळ्या परवडल्या, बदनामी नाही परवडत," सेक्रेटरी म्हणाले, आणि बऱ्याच माना हलल्या. माझीही हलली. किंबहुना पुढची सूचना माझीच होती. मी उठून म्हटलं, नुसती चर्चा नको, नियम करू आणि लेखी लावू. बाही कोपराखाली, कपडा गुडघ्याखाली, गळा बंद, पाण्याचा खेळ बंद. कुणीतरी विचारलं, हे मुलग्यांनाही का? त्यावर सगळे हसले. मुलांचं काय असतं!

तेव्हा कडेला उभी असलेली मावशी पुढे आली. तोंडात टाचण्या नव्हत्या. "त्या फोटो काढणाऱ्याचा गाडीनंबर कोणी घेतला का?" तिने विचारलं.

कोणी घेतला नव्हता.

"पोलिसांत सांगितलं का?"

"कशाला आपणच आपला बोभाटा करायचा, मावशी?" सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणजे तो हिंडणार मोकळा, आणि कोंडायचं पोरींना. चाळीस अंशात. अहो, अंगावरच्या कापडाने असली माणसं थांबत असती तर…" ती तिथेच थांबली. पुढचे शब्द तिला सापडत नव्हते की सांगायचे नव्हते, कोण जाणे.

तेवढ्यात मी बोलले. हसत हसत बोलले. "मावशींचा राग नियमावर नाही हो, बाहीवर आहे. आता बसवावी लागेल ना!"

सगळं अंगण हसलं. ताण सैल झाला, म्हणून मला बरंही वाटलं. मावशीने गळ्यातला टेप काढला, तो बोटाभोवती नीट गुंडाळला आणि ती खोलीत निघून गेली. अक्षरकाकांनी त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात नोटीस लिहिली. खाली पहिली सही सेक्रेटरींची आणि दुसरी माझी.

मग त्या उन्हाळ्यात मावशीने बाह्या शिवल्या. शिवल्या म्हणजे, आया कपडे घेऊन आल्या आणि तिने नाही म्हटलं नाही, तिचं पोट त्यावरच होतं. जुन्या फ्रॉकांना वेगळ्याच कापडाच्या बाह्या जोडल्या. त्या नेहमीसारख्याच वाकड्या बसल्या. पोरींना हात वर करता येईनात, म्हणून पकडापकडीसुद्धा मंदावली. आमच्या दुकानातली घामोळ्यांची पावडर मे महिन्यात दोनदा संपली. भिंतीपलीकडे मात्र पुन्हा कोणी दिसलं नाही, त्यामुळे नियमाचा उपयोग झाला असं सगळ्यांचं ठरलं. मुलांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारे आम्ही हळूहळू आपापल्या पंख्याखाली जाऊन निजायला लागलो.

आणि आमची खार शहाणी झाली.

इतर पोरी बाह्या वर सारायच्या, ही मनगटाची बटणं स्वतः लावायची. फ्रॉकच्या आत लेगिंग घालते म्हणाली. झाडावर चढणं बंद, कठड्यावर बसणं बंद. कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची. वसाहतीतल्या बायका आपापल्या मुलींना सांगायच्या, "बघ ती कशी राहते. शीक जरा तिच्याकडून." माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. सेक्रेटरींनी तर एकदा सगळ्या मुलांसमोर तिला चॉकलेट दिलं, नियम पाळते म्हणून.

वर्गाच्या दिवशी तिचं पोट दुखायचं. उन्हाळा बाधला असेल म्हणून मी दुकानातून औषध आणलं आणि दोन आठवडे रोज चमच्याने पाजलं. दुखणारं पोट घेऊन ती वर्गाला जात राहिली, कारण मी पाठवत राहिले. हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली.

एके दिवशी ती म्हणाली, "आई, मला नवा ड्रेस शिव. जाड कापडाचा. निळा." एवढ्या उन्हात जाड कशाला, असं मला क्षणभर वाटलं. पण मुलगी आपण होऊन अंगभर कपडा मागतेय म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी कापड आणलं. दुपारच्या सुट्टीत तिला मावशीकडे सोडलं आणि सांगितलं, "माप झालं की तीन वाजता वर्गाला जा." आणि मी कामावर गेले.

अडीचच्या सुमाराला मावशी दुकानात आली. भर उन्हात, चालत, खारीचा हात धरून. एवढ्या वर्षांत तिला मी वसाहतीच्या फाटकाबाहेर फार तर दहा वेळा पाहिलं असेल. तिने खारीला मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांवर बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि गल्ल्यापाशी माझ्याकडे आली.

"हिला वर पाठवलं नाही मी आज," ती म्हणाली.

"का? माप झालं नाही?"

"माप घेऊ दिलं नाही तिने. आजवर कधी नाही म्हणाली नव्हती. टेप हातात घेतला तशी स्टुलावरून उतरली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली."

"नाटकी आहे हो. तुम्ही विचारता म्हणून नाही म्हणते."

मावशीने ते ऐकूनच घेतलं नाही. "मग मी विचारलं, कसा शिवू. तर म्हणाली, सगळी बटणं पाठीला लाव. लहान लाव आणि काजं घट्ट कर. मी म्हटलं, अगं मग तुला तुझी काढता कशी येतील? तर म्हणते, मला नाही आली तरी चालतील, पण आईशिवाय कोणालाच येऊ नयेत."

मी हसले. खरंच हसले. "बघा, किती समज आहे! सभेतलं सगळं ऐकून ठेवलंय तिने."

"समज नाही गं ही." मावशीचा आवाज खाली गेला. "मी विचारलं, कोणाला येऊ नयेत? मनगटाची बटणं चाचपत राहिली. मग म्हणाली, मावशी, तू विचारतेस ना, तसं सगळे नाही विचारत."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर हे चाललंय याचीच मला आधी लाज वाटली आणि त्या लाजेचा राग झाला. असा राग फार सोपा असतो, समोर जो असेल त्याच्यावर निघतो. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही कपडे शिवता ना, कपडे शिवा. माझ्या मुलीच्या डोक्यात नसतं काही भरवू नका. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार!"

ती हलली नाही. "मूल नाही मला," ती म्हणाली. "पण मी मूल होते ना."

मी हातातलं बिल गल्ल्यावर ठेवलं.

"आजचा दिवस माझं ऐक. आत जा आणि तिला विचार. दरडावून नको. आधी, विचारू का, म्हणून विचार. नाही म्हणाली तर थांब. काहीच निघालं नाही, तर आयुष्यात पुन्हा माझ्याकडे कापड टाकू नकोस. माझं तोंड बघू नकोस. पण आत जा."

मी आत गेले. खार खोक्यावर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, मनगटाची दोन्ही बटणं लावलेली होती, आणि कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता. मी तिच्यासमोर फरशीवर बसले. "तुला एक विचारू का?" मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हे तिला याआधी कधीच म्हटलं नव्हतं हे मला कळलं.

"विचार," ती म्हणाली.

तिने सांगितलं ते सगळं मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. अक्षरं गिरवताना हात धरण्यापासून ते सुरू झालं होतं, आणि इतर मुलं गेल्यावर, माझी वाट बघत ती तिथे थांबायची त्या वेळात ते वाढत गेलं होतं. माझ्या सोयीच्या त्या वेळात. सांगताना ती रडली नाही. ती पुन्हा पुन्हा मला एकच गोष्ट पटवून देत होती.

"आई, मी पूर्ण बाह्यांचा घातला होता. खरंच. बटणं पण लावली होती. लेगिंग पण होती. नोटिशीतलं सगळं केलं होतं मी. मग माझं काय चुकलं?"

कोणत्याही आईला तिच्या मुलीने विचारू नये असा प्रश्न माझ्या मुलीने मला विचारला, आणि तो तिला मी शिकवला होता. माझी सही होती त्याखाली.

"तुझं काहीच चुकलं नाही," मी म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. मी शंभर वेळा म्हटलं. बाहेर मावशी गिऱ्हाइकांना सांगत होती, दुकान थोड्या वेळाने उघडेल, जरा थांबा.

त्याच संध्याकाळी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. मी, नवरा, खार आणि मावशी. तक्रार घेणारी बाई चांगली होती, खारीशी तिच्या उंचीला वाकून बोलली. पण तिच्या शेजारी कागद लावत बसलेल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "अंगात काय कपडे होते?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मला रागवायला तोंड कुठे होतं? मीही तेच विचारत होते, महिनाभर, सगळ्या वसाहतीला घेऊन. मावशीने पिशवीतून तो निळ्या कापडाचा तुकडा काढून त्याच्या कागदांवर ठेवला. "एवढ्या उन्हात याचा ड्रेस मागत होती ती," मावशी म्हणाली. "लिहा." त्याने मान वर केली, आणि तिने सांगितलं तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बातमी वसाहतीभर झाली. आधी कोणाचा विश्वास बसेना. अक्षरकाका? छे, काहीतरी गैरसमज असेल. आठवडाभरात आणखी दोन आया रडत आमच्या दाराशी आल्या, तेव्हा बसला. पुन्हा खुर्च्या मांडल्या गेल्या. कमी पडल्या, पण या वेळी जास्तीच्या कोणी आणल्या नाहीत. आजोबा बराच वेळ काठीच्या मुठीवर हात ठेवून बसले होते. मग खऱ्याखुऱ्या आश्चर्याने म्हणाले, "पण कपडे तर अंगभर होते हो!"

 मी उठले, नोटीस फळ्यावरून ओरबाडून काढली. डिंकाने चिकटवलेली होती, चारही कोपरे तिथेच राहिले. ते अजून आहेत.

खटला तीन वर्षं चालला आणि त्याला शिक्षा झाली. भिंतीपलीकडचा तो फोटोवाला कधी सापडला नाही. आता वसाहतीत लहान मुलांच्या कोणत्याही वर्गाचं दार उघडं असतं, एक मोठं माणूस पाळीने बसलेलं असतं, आणि दुपारी अंगणात दोघंजण खुर्च्या टाकून जागे असतात. हे नियम कोणी लिहून लावले नाहीत, तरी पाळले जातात.

पण मला मावशीचं सांगायचं होतं.

तक्रार दिल्यानंतर दोनेक आठवड्यांनी मी तिच्या खोलीत गेले. दुकानात बोलले त्याची आणि सभेतल्या त्या विनोदाची माफी मागायची होती. मी काय बोलले ते आठवत नाही, बहुतेक नुसतीच रडले असेन. मावशी एका झबल्याला गळपट्टी लावत होती. ती टीप पुरी करून तिने मशीन थांबवलं, ओठांतल्या टाचण्या काढून मशीनवरच्या छोट्या उशीला टोचल्या.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "आईने एका मास्तरकडे शिवण शिकायला घातलं होतं. हात चांगला होता माझा. काज शिकले, दाब शिकले, गळा शिकले. मग मास्तर म्हणाला, उद्यापासून बाही. बाहीचं माप हातावर घ्यावं लागतं, तुझ्याच हातावर शिकवतो, दुकान बंद झाल्यावर थांब."

तिने टेप हातात घेतला आणि नेहमीसारखा बोटाभोवती गुंडाळायला लागली.

"हिवाळा होता. अंगात आईचा जाड स्वेटर होता, पार बोटांपर्यंत यायचा मला. त्याच्यावरून शाल. माझे कपडे काय कमी होते गं?"

गुंडाळलेला टेप तिने पुन्हा सोडला.

"दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आईला वाटलं, कामचुकार आहे. मार खाल्ला, पण गेले नाही. मला कोणी विचारलंच नाही, का जात नाहीस. पुढचं सगळं माझं मीच शिकले, जुने कपडे उसवून उसवून. बाही तेवढी राहिली. शिकायला बसले की हात चालायचाच नाही. मग म्हटलं, जाऊ दे, मुलांना तशीही उन्हाळ्यात कशाला हवी बाही!"

एवढं बोलून ती हसली. पस्तीस वर्षं सगळी वसाहत ज्यावर हसत आली होती, त्यावर ती स्वतःही हसली. त्या संध्याकाळी अंगणात मी केलेला विनोद माझ्या कानात वाजत होता, आणि त्या विनोदावर टेप गुंडाळत गेलेली तिची बोटं डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मी तिचे हात धरायला पुढे झाले आणि थांबले.

"धरू का?" मी विचारलं.

"धर," ती म्हणाली.

पुढचा उन्हाळा आला. खार आठ वर्षांची झाली होती. वर्षभरात पुष्कळ वाईट दिवस गेले, काही बरेही. एका सकाळी तिने स्वतः कापड निवडलं, पिवळं, त्यावर बारीक पांढरे ठिपके. ते घेऊन ती मावशीच्या खोलीत शिरली, मी तिच्या मागे. ती स्टुलावर चढली.

"बिनबाह्यांचा शिव," ती म्हणाली.

मावशीने टेप हातात घेतला. "खांद्याला टेप लावू?"

खार विचारात पडली. आरशात स्वतःकडे बघत राहिली. माझ्या ओठांवर आलंच होतं, अगं मावशीच आहे ती, लावू दे. मी जीभ चावली.

"आज नको," खार म्हणाली.

"बरं," मावशी म्हणाली. टेप गळ्यात टाकला, जुना फ्रॉक मागून घेतला आणि बटणांचा डबा तिच्यापुढे सरकवला. खारीने खूप वेळ लावून तीन बटणं निवडली, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची.

फ्रॉक दोन बोटं ढगळ झाला. तो घालून खार अंगणात पळाली आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा झाडावर चढली. तिच्या फ्रॉककडे मी एकदाच पाहिलं. मग पायरीवर बसले आणि अंगणातल्या मोठ्या माणसांवर लक्ष ठेवून राहिले.